परक्याला नाक, आपल्याला पंजा

आमच्या घरात लिंबू कापलं जातं ते फक्त सरबतासाठी. अमावास्या कधी येते, कधी जाते, पत्ता नसतो. अठ्ठावीस वर्षं मी कोलशेतच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. मोजता येतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा आपला खाक्या. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात रिजेक्टचा शिक्का मारत आलोय. म्हणून आज मीच लिहायला बसलो याची जरा लाज वाटते... पण वकिलाबद्दल कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं.

वकील म्हणजे आमचा कुत्रा. गावठी, तांबूस, एक कान दुमडलेला. सोसायटीच्या गेटपाशी पावसात भिजत बसलेला, बायकोने वर आणला. भुंकायचा नाही. फटाके वाजोत, मांजर अंगावरून जावो, तोंडातून अक्षर नाही. "फी मिळाल्याशिवाय हा काही तोंड उघडणार नाही," बायको म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

मला तर हवा होता भुंकणारा. कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या शेजारी टेबल, त्यामुळे माझे कान गेलेत. कानाचं मशीन आहे, पण दुपारी काढून ठेवतो, खाज येते. बायको डोंबिवलीला शाळेत शिकवते, संध्याकाळी सहाला येते. तोवर घरात मी एकटा, आणि दाराशी कोण येऊन गेलं ते कळायचं नाही.

तोंड उघडत नसेल तर दुसरं काहीतरी शिकवू, म्हटलं. बेल वाजली की माझ्या गुडघ्याला नाक लावायचं, बस्स. बिस्किटं घेऊन आठवडाभर खपलो. ढिम्म. शेवटी मंदाबाईंनी मार्ग दाखवला. त्या कोलशेत कोळीवाड्यातल्या, दहा वर्षं आमच्या बिल्डिंगला मासळी घालतात.

"अरं भाऊ, बिस्किटान काय व्हतंय! सुका बोंबील दाखव त्याला, मंग बघ."

"घरात वास सुटेल हो."

"सुटू दे. बायको बोलंल, तुला कुठं ऐकाया येतंय!"

मग रोज दुपारी टोपली खाली ठेवून त्या बेल वाजवायच्या, मी मुठीत बोंबील धरून मूठ गुडघ्यावर ठेवायचो. बेल, नाक, बोंबील. नंतर मूठ रिकामी. नंतर मी आतल्या खोलीत. नंतर तो झोपलेला असताना. दीड महिन्यात पठ्ठ्या गाढ झोपेतून उठून यायला लागला. समोरच्यांची बेल वाजली तर कानसुद्धा हलवायचा नाही!

मग माझी हाव वाढली. परका असेल तर नाक, आपला असेल तर उजव्या गुडघ्यावर पंजा. आपले म्हणजे बायको, पुण्याहून येणारी मुलगी आणि मंदाबाई. लिफ्टचं दार उघडल्यापासून तो माणूस ओळखायचा. हे शिकवायला चार महिने लागले. त्यानंतर एकही खूण चुकली नाही. कुरिअरवाला, गॅसवाला — नाक. बायको — पंजा. सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः बघायला आले. तीनदा बेल वाजवली, तीनदा नाक. "मला कधी देणार हो पंजा?" म्हणाले. आयुष्यात एवढे पार्ट पास केले, पण असं काम हातून दुसरं झालं नाही. अभिमान आहे मला.

आता तो शुक्रवार. गेल्या उन्हाळ्यातला. दुपारचे साडेतीन. लाइटीचं काम चालू होतं, सकाळी अकरापासून अख्ख्या बिल्डिंगला करंट नव्हता. पंखा बंद, लिफ्ट बंद, म्हणजे बेलही बंद. मी सोफ्यावर पेपर वाचत होतो. वकील उठला, आला आणि उजव्या गुडघ्यावर पंजा ठेवला.

बायको शाळेत, मुलगी पुण्यात, मंदाबाई अलिबागला लग्नाला गेलेल्या. मी मशीन कानात घातलं आणि दार उघडलं. कोणी नाही. समोरच्या पाटीलकाकू वाऱ्यासाठी दार उघडं टाकून मेथी निवडत बसलेल्या.

"काकू, कोण आलेलं?"

"कोणी नाही हो. तासभर इथेच बसलेय मी."

"वकील, चुकलास," मी म्हटलं. पहिल्यांदाच म्हणालो तसं.

त्याने ऐकलं नाही. माझ्या बाजूने निघून जिन्यापर्यंत गेला आणि वळला. आपल्या माणसाला तो दारापर्यंत घेऊन येतो, तसाच आला... अर्धं पाऊल पुढे, दर दोन पावलांनी मान वर करून बघत. पाटीलकाकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"अहो, हा कुणाला घेऊन येतोय?"

वकील आत आला आणि सोफ्याच्या कडेला बसला. मुलगी गळ्याखाली खाजवते तेव्हा हनुवटी वर करून डोळे मिटतो, तसे मिटले. दहा मिनिटं तसाच. मी दार उघडं धरून उभा.

माझ्या मनात पहिलं नाव आलं ते दादाचं. ते का, हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

दादा कळव्याला राहायचा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. एका साखरपुड्यात चारचौघांत म्हणाला, "याला हाका मारू नका, बहिरा झालाय, आधी मशीन लावा!" सगळे हसले. मी उठून आलो आणि बोलणं टाकलं. सहा महिन्यांनी एका दुपारी तो आमच्याकडे आला. तेव्हा बेल मला बारीकशी ऐकू यायची. टीव्ही मोठ्याने चालू होता. मी उठलो, दाराच्या भिंगातून पाहिलं. दादा होता, घामाने डबडबलेला. मी पाय न वाजवता मागे आलो, टीव्ही बंद केला आणि बसून राहिलो. तीनदा बेल वाजली. मग थांबली.

अठरा दिवसांनी दादा गेला. हार्ट अटॅक. त्याच्या घरी जमलेल्यांत कोणीतरी म्हणालं, त्या दिवशी याला बेल ऐकू आली नसेल बिचाऱ्याला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही आली."

माझा बहिरेपणा असा कामाला आला. आणि वकील आमच्या घरी आला त्यानंतर दोन वर्षांनी. दादाला त्याने पाहिलेलं नाही, त्याच्या वापरातली एक वस्तूही आमच्याकडे नाही. मग पंजा कसा?

त्या रविवारी मी कळव्याला गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. बसलो आणि सगळं सांगितलं. शुक्रवार, भिंग, टीव्ही, सगळं. त्यांचा हात थांबला नाही.

"मला माहीत होतं, भाऊजी."

"कसं?"

"हे घरी आले ते खुशीत. म्हणाले, अगं, त्याला बेल ऐकू आली! मी वाजवली आणि आतला टीव्ही लगेच बंद झाला. कान अजून चांगले आहेत त्याचे, मी उगाच बोललो चारचौघांत." वहिनींनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "राग गेला की उघडेल म्हणाले."

मी तिथे काय केलं ते लिहीत नाही. छप्पन्न वर्षांच्या माणसाने करू नये असं काहीतरी.

पुढच्या रविवारी वहिनी आमच्याकडे आल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. मुद्दाम बायकोला आत बसवलं आणि मी मशीन काढून सोफ्यावर बसलो. वकील आला आणि गुडघ्याला नाक लावलं. बरोबर! कधी न पाहिलेलं माणूस, म्हणजे नाक. माझी छाती फुगली. शिकवलेलं पक्कं होतं, आणि म्हणूनच त्या शुक्रवारचं गणित आणखी बिघडलं. चुकणाऱ्या कुत्र्याची एक चूक समजून घेता येते. हा चुकत नाही. वेटरनरी डॉक्टरांना विचारलं; ते म्हणाले, कुत्र्यांना वास फार. कसला वास, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही आजवर सांगता आलेलं नाही, आणि मी माझ्या शिक्क्यासकट तो प्रश्न बाजूला ठेवून दिलाय.

मशीन कानात घालून वहिनींना वकिलाने केलेली खूण सांगितली, तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून वकिलाकडे बघत म्हणाल्या, "नाक का? शहाणाच आहेस. इतकी वर्षं फिरकले नाही, परकीच मी."

मग सोफ्यावर बसल्या. माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या शुक्रवारी दार उघडून नुसते उभेच राहिलात?"

"नाही... 'ये दादा, आत ये' म्हणालो."

"मोठ्याने?"

"मोठ्याने. पाटीलकाकूंनीही ऐकलं."

"मग झालं तर," वहिनी म्हणाल्या आणि बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितला.