भिंतीतलं लाल पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही. ज्या हजारो लोकांशी मी दर रविवारी बोलते, त्यांना तर नाहीच. बोलायची मला भीती नाही, हे आधीच सांगते. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. माइक हातात आला की मला शब्द सापडतात. मग इतके दिवस गप्प का? कारण साधं आहे — जे सांगायचं त्यात मी वाईट दिसते. थोडीथोडकी नाही.

आधी मालिकेबद्दल सांगावं लागेल. ‘तिसरी कक्षा’. तुम्ही पाहिली नसेल तरी काही अडत नाही. दूरच्या एका ग्रहावर, खोल दरीत माणसांची वसाहत. तिथे येऊन तीन पिढ्या झाल्यात, जुन्या नोंदी हरवल्यात, आणि दर काही दिवसांनी जमिनीतून एक गुरगुर ऐकू येते. बस, एवढ्यावर आम्ही चाहते वर्षानुवर्षं भांडत होतो. रविवारी सकाळी मोबाइलवर नवा भाग यायचा आणि दुपारी चार वाजता मी फुलचूरच्या आमच्या घरातून, पुढच्या खोलीचं दार लावून, चाहत्यांच्या ग्रुपवर लाइव्ह बोलायची. मराठीतून त्या मालिकेवर इतकं नीट बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. ही बढाई नाही. मी चांगलं बोलायची — आजही बोलते.

गुरगुर कशाची, यावर दोन तट होते. एलियनवाले आणि मशीनवाले. मी मशीनवाली. मग एका भागात वसाहतीच्या तळघरातली भिंत दिसली आणि तिच्यातून झिरपणारं पाणी लाल झालेलं दिसलं. एलियनवाल्यांनी नुसता जल्लोष केला. रक्त! ग्रह जिवंत आहे! माझ्या तटातले लोक गंज, गंज म्हणून ओरडत राहिले.

त्या आठवड्यात भागरथाकाकी आमच्याकडे होती. माझ्या नवऱ्याची काकी, राहणार दवनीवाडा. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला आली होती. दिवसभर करायचं काय, म्हणून माझ्याबरोबर मालिका बघायला बसायची. शाळेत ती कधी गेली नाही. ग्रह, कक्षा हे मी तिला समजावून सांगायची — जरा मोठेपणानेच, खरं तर. ती ऐकून घ्यायची.

लाल पाणी दिसलं तशी ती पलंगावर ताठ बसली.

“थांबव. मांग घे.”

मी मागे घेतलं. तिने हिरव्या पट्टीखालून नव्या डोळ्याने पाहिलं. आधी हे पाणी साफ होतं का, असं विचारलं. होतं, मागच्या भागात होतं.

“रगत नव्हे ते, मंजू. माती हाये. पार आतून खाऊन राहिली. वरतं कुठंतरी पानी अडवलं हाये यायनं.”

पार म्हणजे तलावाची पाळ. मी हसले. म्हटलं, काकी, त्या ग्रहावर पाणीच नाहीये.

“पानी नाही तं भिंत वली काऊन?”

विज्ञानाची शिक्षिका मी. मी भाग पुन्हा मागे घेऊन ती भिंत पाहिली.

मग तिने आपल्या बापाबद्दल सांगितलं. तिचं माहेर जंगलपट्ट्यातलं, तलावाचं गाव. पाळ राखायचं काम तिच्या बापाकडे. पावसाळ्यात रोज सकाळी तो पाळीच्या पायथ्याने चालत जायचा आणि सोबत हिला न्यायचा — सात वर्षांची, डोळे तेज म्हणून. जिथे पाणी झिरपताना दिसेल तिथे ओंजळीत धरायचं, उजेडाकडे करून पाहायचं. साफ असेल तर घरी जाऊन जेवायचं. गढूळ असेल तर गाव गोळा करायचं. “साफ पानी रडते, गढूर पानी खाते,” असं तो म्हणायचा. एका वर्षी तिच्याच ओंजळीत पाणी गढूळ आलं. अख्खं गाव दिवसभर माती टाकत होतं. तलाव वाचला. बापाने तिला खांद्यावर बसवून घरी आणलं.

हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिथेच, त्या पाळीवर होती.

त्या रविवारी चार वाजता मी लाइव्ह गेले आणि म्हणाले — मला वाटतं, ते रक्त नाही.

मला वाटतं. सुरुवात एवढीच झाली. मला वाटतं, वर एखादं जुनं धरण आहे, पहिल्या पिढीने बांधलेलं आणि विसरलेलं. ते आतून पोखरलं जातंय. काकीचं नाव घ्यायला किती वेळ लागला असता? पाच सेकंद? पण ‘माझी सासरची काकी म्हणते’ असं म्हटलं असतं तर लोक हसले असते. तसेही ते हसलेच. पुढचे चार भाग माझी टिंगल चालली. धरणवाल्या मॅडम, पाटबंधारे खातं — नावं ठेवली. मी मागे हटले नाही. छातीठोकपणे तेच बोलत राहिले, कारण मला ठाऊक होतं की ते बरोबर आहे. दुसऱ्याच्या खात्रीवर मी इतकी खंबीर उभी होते.

मग तो भाग आला.

ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. भिंत फुटते. दरीच्या डोक्यावरचं धरण दिसतं, तीन पिढ्यांपूर्वीचं, झाडाझुडपांनी झाकलेलं. एलियन नाहीत, मशीनही नाही. पाणी आणि माती. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मोबाइल थांबेचना. कुणी माझ्या जुन्या लाइव्हचे तुकडे कापून पसरवले. कुणी रडण्याचे चेहरे पाठवले. साताऱ्याच्या एका मुलीने धरणासमोर उभं असलेलं माझं चित्र काढलं. “चार वर्षं थांबवलं आणि शेवटी नळ फुटला!” म्हणून एकजण भयंकर चिडला होता, आणि त्यालाच तीनशे लोक उत्तर देत होते की मॅडमचं ऐकलं असतंस तर तयारीत राहिला असतास. मॅडम, तुम्ही लेखिका आहात का? मॅडम, तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं का?

सांगितलं होतं. अगदी तोच प्रश्न होता आणि उत्तर एका शब्दाचं होतं.

चारच्या लाइव्हला कधी नव्हे इतके लोक. एका मुलीने हात वर केला, मी तिला बोलायला घेतलं. तिने विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं?

आणि मी — थांबा, हे नीट सांगू द्या — मी अडखळले नाही. मी म्हणाले, माझे वडील तलावाची पाळ राखायचे. मी लहान होते. पावसाळ्यात सकाळी ते मला सोबत न्यायचे. ओंजळीत पाणी धरून उजेडाकडे पाहायला त्यांनी मला शिकवलं. ‘साफ पाणी रडतं, गढूळ पाणी खातं.’ ओंजळ, खांदा, दिवसभर माती टाकणारं गाव — सगळं सांगितलं. जसंच्या तसं. फक्त शुद्ध भाषेत.

माझे वडील गोंदियाच्या रेल्वे स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून होते. पाण्याला घाबरायचे. तलावाच्या पाळीवर ते आयुष्यात कधी चढले नाहीत. चांगला माणूस होता. तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती, म्हणजे खोटं पाडायला कुणी नव्हतं. हा हिशोब मी तेव्हा मनात केला होता का? हो. क्षणभरात केला होता.

लोक विरघळले. पडद्यावर लाल बदामांचा पाऊस पडला. मी पुढचा हात वर घेतला — ‘पायल’ असं नाव होतं, मी पुढचं वाचलंच नाही. पायल म्हणजे काकीची नात. आवाज मात्र काकीचा आला.

“हॅलो? मंजू? मी आयकून राहिली वो. अवं, ते मा बाप—”

मी बटण दाबलं. आवाज बंद. पायलचं नाव यादीतून गेलं.

लोकांनी विचारलं, आजी कोण होत्या? काहींना गंमत वाटली. ‘आयकून राहिली’ असं कुणीतरी लिहिलं, त्याच्यापुढे हसणारे चेहरे. एक-दोघं म्हणाले, आजींना परत घ्या ना. मी म्हणाले, “नाही ओळखत मी. चुकून जोडल्या गेल्या असतील. पुढे जाऊया.”

माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. तुम्ही ते रेकॉर्डिंग आजही ऐकू शकता. कुणालाही वाटेल, बाई खरं बोलतेय.

त्या संध्याकाळी मी उत्तरं तयार केली. काकी चिडून फोन करेल, मग मी म्हणेन की बोलण्याच्या ओघात झालं, पुढच्या रविवारी सुधारते. पाठ करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

“कट झालं वो काल. आमच्याइकडं नेटवर्कच नाही राहत.”

मी म्हणाले, हो ना.

“मी तं तुही तारीफ करासाठी आली होती. पायलनं जोडून देलं. म्हटलं, सांगतो सगळ्यायले, हे आमची सून हाये.”

मग ती म्हणाली, “तुह्या बापानंही पार राखली होती का, मंजू? कधी बोललीस नाही तू.”

इथे दार सताड उघडं होतं. तिने स्वतःच्या हाताने उघडलं होतं. नाही काकी, म्हणायचं होतं फक्त. समोर ग्रुप नव्हता, बदाम नव्हते, कुणी हसणारं नव्हतं. व्हरांड्यात मी एकटी होते.

मी म्हणाले, “हो.”

“मंग आपन दोघी एकसारख्याच,” काकी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. निदान मला तसं ऐकू आलं.

लाइव्हमध्ये घाबरले म्हणून खोटं बोलले, असं एकवेळ म्हणता येईल. ह्या ‘हो’ला तेवढंही नाव देता येत नाही. त्यानंतर ती फोनवर माझ्या वडिलांबद्दल विचारायला लागली. तुमचा तलाव केवढा होता? कोणत्या गावचा? मी म्हणाले, लांबचा, तिकडे चंद्रपूरकडे. पाळीवर झाडं कोणती होती? मी झाडं सांगितली. तिला बरं वाटायचं, मीही सांगत गेले. माझ्या खऱ्या वडिलांबद्दल मी कधी कुणाशी इतकं बोलले नव्हते.

काकी भोळी आहे, असं वाटतंय तुम्हाला? जिने भिंतीची ओल पाहून अख्खं धरण ओळखलं? तिच्याच बापाचं वाक्य, तिचीच ओंजळ माझ्या तोंडून आली — हे तिला कळलं नसेल? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

आणि इथवर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं.

गेल्या हिवाळ्यानंतर तिच्या माहेरच्या तलावातला गाळ काढला, पाळ नव्याने बांधली. गावाने कार्यक्रम ठेवला. जुन्या पाळ राखणाऱ्याची एकच लेक हयात होती, ती काकी. तिचा सत्कार ठरला. तिने मला सोबत बोलावलं. नवऱ्याला बिरसीला विमानतळावर ड्यूटी होती, म्हणून आम्ही दोघीच गेलो. मंडप पाळीवरच होता. निवेदकाने काकीचं नाव पुकारलं तशी ती उठली, माझा हात धरून मला पुढे घेऊन गेली आणि माइकवाल्याला म्हणाली, “मले इथं सगळे ओळखतेत. हिच्या बापानंही पार राखली. हिनं ते अख्ख्या जगाले सांगतलं. शाल हिले द्या.”

लोकांना ते आवडलं. सरपंचांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला. निवेदकाने माझ्या कानाशी येऊन वडिलांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने ते भोंग्यावरून तीनदा म्हटलं — पाळीचे राखणदार अमुक अमुक यांची कन्या. पार्सल ऑफिसातल्या कारकुनाचं नाव त्या पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेलं. टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात काकीने वाजवल्या. माझं भाषणही झालं. चांगलं झालं.

तिच्या बापाचं नाव त्या दिवशी कुणी घेतलं नाही. काकीनेही घेतलं नाही. येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती आणि पूर्ण रस्ताभर बाहेर पाहत होती.

कुणाला यात माझी दया यावी अशी काही गोष्ट मी वर लपवून ठेवलेली नाही. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. माझं काही बिघडणारही नव्हतं — फार तर चारजण हसले असते आणि पुढच्या रविवारी विसरले असते. मला ते चारजणही नको होते. काकी अजून दवनीवाड्यात आहे, तब्येतीने ठणठणीत. हे तिला वाचता येणार नाही; पायलला येईल. पायलने वाचून दाखवलं तर दाखवलं. नाही तर मी जाऊन सांगेन, अशी शपथ मी इथे घेत नाही. माझ्या शपथेची काय किंमत आहे ते तुम्ही आत्ताच वाचलंत.

काकीच्या वडिलांचं नाव डोमाजी होतं. ती पाळ त्यांनी राखली. पाणी गढूळ झाल्याचं त्यांच्या लेकीने, भागरथाने, सातव्या वर्षी ओळखलं, आणि सत्तरीत पुन्हा एकदा ओळखलं.