मोहोरबंद दोर

पोलिसांच्या नोकरीत खुनांचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. पण राहून राहून आठवतो तो एक हरवलेला दोर.

युद्धाचे दिवस होते. नगरच्या लष्करी कोठारात खेचरांसाठी दोर खरेदी होत. पद्धत मोठी चोख. एक उत्तम दोर नमुना म्हणून लाखेची मोहोर लावून कपाटात ठेवायचा आणि आलेला माल त्याच्याशी ताडून पाहायचा. ठेकेदाराने नमुना एका म्हाताऱ्या कारागिराकडून वळून घेतला. माल मात्र भलतीकडून भरला. ते दोर तटातट तुटू लागले. कोठाराच्या गोऱ्या साहेबाने नमुना मागवला, तर कपाट रिकामे!

ठेकेदाराने ठाण्यात खबर दिली, "म्हाताऱ्यानेच चोरला. परवा कोठारात घुटमळत होता." लष्करी मालाची चोरी, म्हाताऱ्याचा तुरुंग ठरल्यासारखाच होता.

मी त्याला समोर बसवले. "दोर तू नेलास?"

"सायेब, मी दोर वळतो. कुंभार कवा मडकं चोरतो व्हय?"

"मग कोठारात कशाला गेला होतास?"

"आनखी काम हाय का, इचाराया गेल्तो."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराला हसू आवरेना. मला मात्र म्हातारा खरा वाटला.

पंचनाम्यासाठी त्याला बेड्यांसह कोठारात नेले. ठेकेदारही हजर होता. ऊन फार, म्हणून भांडारपालाने आमच्यासाठी विहिरीचे पाणी शेंदायला सांगितले. रहाट फिरला आणि म्हातारा ओरडला, "सायेब, ह्यो माझा हाय!"

दोराच्या टोकाला अजून लाल लाख चिकटलेली होती.

भांडारपाल पांढराफटक पडला. "काय करणार, साहेब? अख्ख्या कोठारात भरली बादली पेलणारा हा एकच दोर."

बेड्या तिथेच काढल्या. गलका ऐकून आलेल्या गोऱ्या साहेबाने खरेदी सुधारण्यासाठी लगेच लांबलचक कलमे सांगायला सुरुवात केली. मी भाषांतर करत होतो. म्हाताऱ्याने मध्येच विचारले, "एवढं कशापायी? आमच्यात दोर इकायच्या आधी इकणारा सोता हिरीत लोंबकळतो. मग गिऱ्हाईक हात लावतं."

साहेबाने माझ्याकडून हे ऐकून कलमे थांबवली, ठेकेदाराच्या मालातला एक दोर विहिरीत सोडायला लावला आणि ठेकेदाराला उतरायची खूण केली.

"माझे गुडघे दुखतात," ठेकेदार म्हणाला.

म्हातारा आपला दोर धरून सरसर खाली उतरला. आतून आवाज आला, "शेट, या की! पानी लई गार हाय!"

ठेका त्याच दिवशी गेला आणि पुढचे दोर म्हाताऱ्याने वळले. नंतर माझ्यापुढे कोणी शपथेवर हमी देऊ लागला, की मी हमीपत्राआधी त्याच्या गुडघ्यांकडे पाहत असे.