पोहरादेवीला दिसलेला माणूस

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कोणी दिलेलं नाही, मीच घेतलेलं आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं आटोपली की मी सतरंजीवर मांडी ठोकतो आणि भाचे-पुतणे कंटाळेपर्यंत उठत नाही. बायको म्हणते, "तुमच्या गोष्टीतला एकच माणूस दर लग्नात वेगळ्या रोगाने मरते." हे बोलणं मी आजवर कौतुक म्हणून घेत आलो.

पोटापाण्यासाठी मी मानोऱ्यात मास्तर आहे. यंदा नववीला संशोधनपर निबंध लिहून घ्यायचा होता, विषय 'न उलगडलेली रहस्ये'. पहिल्या खेपेला वर्गातून जो गठ्ठा आला त्यात समुद्रात गडप झालेली जहाजंच जहाजं. ज्या पोरांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, धरण पाहिलंय तेही सहलीत, त्यांची सगळ्यांची जहाजं एकाच ठिकाणी बुडाली होती, आणि शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. मोबाइल जिंदाबाद.

मी निबंध परत केले. म्हटलं, जहाजं सोडा, आपल्या गावातलं रहस्य शोधा. फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात पुरावा असलेलं, दुसऱ्यात लोक म्हणतात ते, तिसऱ्यात कोणालाच ठाऊक नाही ते. ऐकलेली गोष्ट पहिल्या रकान्यात टाकायची असेल तर डोळ्यांनी पाहणारा माणूस पाहिजे, असं मी बजावून सांगितलं. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही.

मग उदाहरण म्हणून मी कुलूपवाल्याची गोष्ट सांगितली.

माझ्या लहानपणी एक चाचा सायकलवर गावोगाव फिरून कुलुपं दुरुस्त करायचे, स्टोव्हला पिना मारायचे. एक दिवस त्यांची सायकल मानोऱ्याच्या बसस्टँडवर उभी सापडली, कुलूप लावलेली, आणि चाचा पुन्हा कोणाला दिसले नाहीत. सायकल तिथेच बरेच दिवस उभी राहिली, कारण तालुक्यातलं कोणतंही कुलूप उघडू शकणारा माणूस एकच होता. एवढी गोष्ट खरी आहे.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही हो. ऐकणारे विचारतात, मग? एका लग्नात असंच कोणीतरी विचारलं आणि मी माझ्या मामाला मध्ये घातलं. मामाला म्हणे चाचा पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत दिसले, बांगड्यांच्या दुकानांपाशी, डोळ्यांत सुरमा, मांडीवर कुलूप. मामा तोवर वारलेले असल्याने त्यांची काही हरकत आली नाही. पुढे हा भाग इतक्यांदा सांगून झाला की गोष्टीतला मामा मलाही खरा वाटायला लागला होता.

वर्गात तेच सांगितलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. अबोल पोरगी, एरवी हजेरीलासुद्धा हळू बोलायची.

"सर, तुमच्या मामाले ते नेमके कुठं दिसले?"

बांगड्यांच्या दुकानांपाशी, मी म्हटलं.

"मंग मामा त्यांच्यासंगं बोलले काहून नाई?"

तीन रकाने पाठीमागच्या फळ्यावर होते. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता, मागच्या बाकावरचे उनाडही गप्प होते, आणि अशी शांतता मला मास्तरकीत फार वेळा मिळालेली नाही. मी म्हटलं, "बोलले ना. हाक मारली, तं त्यांनी वर पाहिलं अन् पुन्हा मान खाली घातली." हे तर मी जागच्या जागी तयार केलं.

पोरीने लिहून घेतलं. हाच विषय घेते म्हणाली. मी खूष. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, असा सल्लाही दिला. ती कोणाची नात आहे हे विचारायचं मला सुचलं नाही.

रामनवमीला शाळेला सुट्टी होती. सकाळी तिचे वडील माझ्या दारात उभे राहिले. बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान आहे, माझ्या पँटी तेच शिवतात.

"सर, मी भांडाले नाई आलो," म्हणाले, आणि दारातूनच सांगितलं. कुलूपवाले चाचा म्हणजे त्यांचे अब्बा. इतकी वर्षं अम्मीने वाट पाहिली. गेल्या साली तिनेच म्हटलं, आता पुरे. मग त्यांनी अब्बांच्या नावाने फातिहा दिली, गेलेल्या माणसासाठी देतात तशी, आणि अम्मीने हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. घर निवांत झालं होतं. आता पोरीने शाळेतून येऊन सांगितलं की सरांच्या मामाने दादांना, म्हणजे तिच्या आजोबांना, पाहिलं, हाक मारली, त्यांनी वर पाहिलं.

"काल अम्मीनं बांगड्या पुन्हा भरल्या. आज पहाटे फजरची नमाज झाली अन् पोरीले घेऊन पोहऱ्याले गेली. म्हणते, तिथंच बसते. तुमचे मामा असन तं त्यांच्यासंगं बोलणं करून द्या. नसन तं तुमी चला. माह्यं ती ऐकत नाई."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज बंद झाला. माझे मामा गर्दीला इतके भ्यायचे की सोयरिकीच्या बैठकीलाही दाराजवळ बसायचे, हे बायकोला माहीत आहे. ती बाहेर आली, माझी चप्पल पायापाशी सरकवली आणि आत गेली.

मोटारसायकलवर त्यांच्या मागे बसून मी दुसरी गोष्ट जुळवत होतो. लाज वाटते, पण तेच करत होतो. मामाची नजर अधू होती, माणूस दुसराच असेल, असं म्हटलं की काम भागेल. दोष मामाकडे जाईल, आणि मामा तर वारलेले.

पोहरादेवीला पाय ठेवायला जागा नव्हती. बंजाऱ्यांच्या तांड्या-तांड्यांवरून माणसं आलेली, आरसे लावलेल्या घागऱ्यांतल्या म्हाताऱ्या, खांद्यावर लेकरं. त्या सगळ्यात बांगड्यांच्या दुकानांच्या तोंडाशी चाची बसली होती, डोक्यावर ओढणी, शेजारी नात. हातात हिरव्या बांगड्या, अगदी नव्या. येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे ती नीट, न लाजता पाहत होती.

मी खाली बसलो. ठरवलेलं बोललो. चाची, मामाची नजर कमी होती.

"मंग जवळून पाह्यलं असन त्यांनी," ती म्हणाली.

म्हटलं, जुनी गोष्ट आहे.

"माणूस जुना झाला म्हणून बसाची जागा थोडी सोडते?"

माझ्या प्रत्येक शब्दाचा ती आधार करून घेत होती. मग पर्याय उरला नाही. मी तिच्या हाताकडे पाहत सांगितलं, "चाची, माझा मामा इथं कधी आलाच नाही. त्याले कोणी दिसलं नाही. मी गोष्ट रंगवाले लावून सांगतलं."

तिचा लेक दुसरीकडे पाहायला लागला. नात माझ्याकडे पाहत होती, चूक सापडलेल्या गणिताकडे पाहावं तशी. म्हणाली, "सर, मंग हे कोणत्या रकान्यात टाकू?"

कोणत्याच नको, खोडून टाक, मी म्हटलं.

चाचीने हातातल्या बांगड्या मागे सारल्या. मग विचारलं, "सायकलीचं बी खोटंच का?"

ते खरं आहे, मी घाईघाईने म्हटलं. आणि तिला काहीतरी खरं द्यावं, असं मला फार वाटून गेलं. म्हणून सांगितलं की चाचा आमच्याकडे यायचे तेव्हा माझी आई त्यांना तिळाचे लाडू द्यायची, ते खायचे नाहीत, कागदात बांधून अवजारांच्या पिशवीत ठेवायचे. घरी नेतो म्हणायचे. हे मी कधी कोणत्या लग्नात सांगितलेलं नाही. हे माझ्यापाशी तसंच्या तसं होतं.

चाचीने मान हलवली. "तीळ मले सोसत नाई मास्तर. त्यांले ठावं होतं. माह्यासाठी ते तीळ कधी आणत नव्हते."

ती रागाने बोलली नाही. लाडू शेंगदाण्याचे होते का? की तो भाग दुसऱ्याच कोणाचा, बोहारणीचा, कासाराचा? आतापर्यंत मला वाटत होतं की खरं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते मला माहीत आहे. त्या गर्दीत बसून मी आठवत राहिलो आणि मला आईचा हात तेवढा दिसला. त्या हातात काय होतं ते दिसलं नाही.

लेक म्हणाला, अम्मी, चल आता. बस भेटन.

"आलीच आहो तं गर्दी पांगेपर्यंत बसते," ती म्हणाली. "तुमी जा, मास्तर."

मी गेलो नाही. तिने बसा म्हटलं नाही, तरी बसलो. ऊन कलत गेलं. सुरमा घातलेला, पाठीत वाकलेला कोणी दुकानांपाशी थांबला की तिची मान वळायची. मामा खोटा होता हे सगळ्या जगात मला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं, आणि तरी दर वेळी तिच्याआधी माझी मान वळत होती.