मस्कतचा तांब्या

मैना रोह्याला नांदत होती तेव्हा गुणाजी महिन्यातून एकदा तिला भेटायला जायचा. पेणहून सकाळची एसटी, वाटेत नागोठण्याचा थांबा, दीड तासाचे धक्के. लेकीच्या ओट्यावर बसायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि परतीची गाडी धरायची. पाण्याची बाटली सोबत. लेकीला मूल होईस्तोवर बापाने तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हा रिवाज. मैना भरला तांब्या घेऊन दारात यायची, गुणाजी आपल्या बाटलीचं बूच काढायचा.

लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल झालं नाही. मैना तांब्या आणायची थांबली नाही.

मग जावई काळुराम धाटावची कंपनी सोडून मस्कतला फिटर म्हणून गेला. मागोमाग मैना गेली. वर्षाने तिचा फोन आला, "आबा, तिकीट काढलंय. या."

"किती लांब हाय गो?"

"दीड हजार किलोमीटर. विमानाला पावणेतीन तास."

गुणाजीने मनात मोजलं. "म्हंजे दोन रोहे. सकाळी जाईन, सांजला येईन."

त्याची बायको हौसा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "या की. इमान नागोठण्याला थांबतं का तेवढं इचारा. मोकळं व्हायला बरं."

तिकीट निघालं आठ दिवसांचं. गुणाजीने पाच लिटरचा कॅन भरला.

"आठ दिवस पुरंल?" हौसाने विचारलं.

"जपून पिईन."

पेणहून विमानतळ गाठायलाच साडेतीन तास गेले. तिथे तपासणीवाल्याने कॅन अडवला. पाणी आत जाणार नाही, म्हणाला. इतका लांब उचलून आणलेला कॅन ओतून द्यायचा हे गुणाजीला पटेना. उभ्या उभ्या पोटात मावेल तेवढं प्यायला, उरलेलं रांगेतल्या लोकांना वाटलं. त्यामुळे अर्धा प्रवास विमानातल्या संडासाच्या दारापाशी उभ्याने झाला. हौसाचं बोलणं त्याला तिथे आठवलं.

मस्कतला ऊन असं की जीभ टाळ्याला चिकटली. मैना दारात उभी होती. हातात तोच रोह्याचा तांब्या.

"ठेव गो तिकडं," गुणाजी म्हणाला.

तिने ठेवला. गुणाजी बराच वेळ तांब्याकडे बघत बसला.

"विहिरीचं हाय?"

"इथं कुठली विहीर? समुद्राचं घेतात, मीठ काढतात न् नळाला सोडतात."

"आन् मीठ?"

"परत समुद्रात."

गुणाजी ताठ बसला. उभी हयात त्याने पेणच्या मिठागरात भरतीचं पाणी वाफ्यांत घेतलं, उन्हात आटवलं, फळीने मीठ ओढून पाठीचा काटा ढिला केला. आणि ही माणसं मीठच टाकून देतात.

"कुठला समुद्र?"

"तोच. आपल्या खाडीला येतो तो."

"मग हे पाणी तुज्या घरचं नाय. माज्या मिठागराचंच हाय."

शेजारी बसलेला काळुराम म्हणाला, "पण आबा, नळाचं बिल तर..."

मैनाने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो चप्पल शोधायला लागला. गुणाजीने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. तांब्या उचलला, वरून धार धरली, तळ दिसेपर्यंत प्यायला.

"जरा अळणी हाय," म्हणाला, आणि रिकामा तांब्या लेकीपुढे केला. "आनखी आन."