विरजण हलवू नका

लोणावळ्यात फौजदार होतो, त्या दिवसांतली एक फिर्याद अजून मनातून जात नाही. फिर्याद कसली, सगळी उलटीच तऱ्हा! लुटली गेलेली बाई लुटणाऱ्याच्या बाजूनं ठाण्यात आली होती.

बाई कार्ल्याकडची. नवरा रेल्वेत गँगमन होता, घाटात दरड कोसळून गेला. रेल्वेकडून मिळालेले दोनशे रुपये तिनं शिकवण्या घेणाऱ्या एका मास्तराकडे ठेवले होते. त्यातून दोन म्हशी घ्यायच्या आणि बंगल्यांना दूध घालायचं. दुसरा आधार तिला नव्हता.

"सायेब, आमच्या शेजारनीला दम द्या," ती म्हणाली. "ती मास्तरांकडनं पैसं परत मागती. येकीनं काढलं तर समद्यांचं नासतंय."

"पैसे कसे नासतील, मावशी?"

"विरजण लावल्यालं भांडं कुनी हलवतं व्हय? मास्तर म्हनले, वरीसभर हात लावायचा न्हाई, मधी इचारायचं बी न्हाई. व्याजाला व्याज, त्याला बी व्याज, घटकंघटकंला मोजायचं. वरसाला रुपयाचं धा व्हत्यात!"

माझा हवालदार कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याचेही पन्नास रुपये त्याच भांड्यात होते. शाबास! म्हणजे चोराचा पहारा खुद्द ठाण्यातच.

मास्तराला बोलावून घेतलं. गडी मुळीच डगमगला नाही. काही पैसे घरात आहेत, बाकीचे एका ठेकेदाराला व्याजानं दिले ते बुडाले, म्हणाला.

"आणि रुपयाचे दहा?"

"साहेब, दर रुपयाला वर्षाला रुपया. पण चक्रवाढ जितक्या वेळा मोजावी तितकी वाढतच जाते, असा माझा समज होता. चुकलो असेन. मनात पाप नव्हतं."

इथं माझी गाडी अडली. समज चुकीचा, पण खरोखरचा असेल तर फसवणुकीचा गुन्हा टिकणं कठीण. घरी जाऊन मीच पाटी घेऊन बसलो. वर्षानं मोजलं तर रुपयाचे दोन. सहामाहीनं मोजलं तर सव्वादोन. महिन्यानं मोजलं तर दोन रुपये आणि जवळजवळ दहा आणे. वाढ होत होती, पण दर खेपेला तिचा जोर कमी पडत होता. पुढचं गणित माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष मास्तराच्या घराची झडती घेतली. पत्र्याच्या पेटीत तळाशी एक वही निघाली. वर्ष, सहामाही, महिना, दिवस, असं सगळं त्यानं मांडलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'क्षणाक्षणाला मोजले तरी दोन रुपये साडेअकरा आण्यांपलीकडे जात नाही.' खाली दोन रेघा मारलेल्या. वर तारीख होती, बाईनं पैसे दिले त्याच्या महिनाभर आधीची.

"मास्तर, अक्षर कुणाचं?"

"माझंच," तो म्हणाला. गणित त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं, आणि राग त्याचाच आला मला.

त्याला शिक्षा झाली. घरात सापडलेले पैसे वाटले गेले, तेव्हा बाईच्या वाट्याला शंभर आले. ते तिच्या हातावर ठेवताना मला तिच्याकडे बघवेना. "म्या इचारलंच न्हाई कधी," एवढंच ती म्हणाली.

व्याजाला कुठंतरी बांध आहे, हावेला नाही, हे मी त्या खटल्यात शिकलो. माझा हवालदार काही अडाणी नव्हता, तरी फसला. आणि जो माणूस 'मध्ये बघू नका' म्हणतो, त्याच्याकडे आधी बघावं, हे पुढं नोकरीभर पाळलं.

बाईनं एकच म्हैस घेतली. काही महिन्यांनी दह्याचं गाडगं घेऊन ती ठाण्यात आली आणि माझ्या टेबलावर ठेवून वरचं फडकं तिनं स्वतःच काढलं.

"बोट घालून बघा सायेब, लागलंय का न्हाई. माज्या भांड्यात आता कुनी बी बघावं."