रिकाम्या खाटेनंतरचा माणूस

ऑफिसात तिला सगळे भित्री भागूबाई म्हणत. निघताना दिव्याचं बटण पुन्हा बघणारी, पाठवलेला मेल परत वाचणारी. साहेब म्हणायचे, "असू दे, तिचा प्रोग्राम कधी बंद पडत नाही." खरंच पडायचा नाही. भीतीवरच पोट भरणारी बाई ती!

हॉस्पिटलातल्या औषधाच्या घंटेचा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. सगळे पेशंट एका रांगेत, म्हणजे अ‍ॅरेत. दर तासाला लूप, म्हणजे एकेक जागा मोजत जाणारा प्रोग्रामचा फेरा, त्या रांगेतून फिरायचा, ज्याच्या औषधाची वेळ झाली त्याच्या नावाने नर्सच्या टेबलावर घंटा वाजवायचा, आणि कोणी घरी गेला असेल तर त्याला जाता जाता काढून टाकायचा.

आता तिचे वडीलच तिथे होते, हृदयाचं दुखणं घेऊन. शेजारच्या खाटेवरचे मास्तर दुपारी तीननंतर घरी गेले. "सुटलो बुवा, आता तुमचा नंबर," असं वडिलांना म्हणूनही गेले.

चार वाजले. वडिलांचं आणि पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांचं औषध चारचंच. आजोबांची घंटा वाजली. वडिलांची वाजेना.

तिच्या डोळ्यांपुढे लूप उभा राहिला. मास्तरांना काढल्याबरोबर मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले, वडील मास्तरांच्या जागी आले. पण मोजणी ती जागा ओलांडून गेलेली. वडिलांना कोणी विचारलंच नाही. फिरता फिरता रांगेतून माणूस काढू नये, हे नव्या पोरांना तीच बजावायची. आणि स्वतः? घाईत प्रोग्राम तपासताना कोणा पेशंटला घरी पाठवूनच पाहिलं नव्हतं.

"सिस्टर, बाबांचं औषध."

"घंटा कुठे वाजली?"

"नाही वाजणार. ती मी लिहिलीय. चुकलीय."

नर्सने केसपेपर बघितला आणि गोळी दिली.

"मिळाली ना?" वडील म्हणाले. "मग घाबरतेस कशाला, वेडाबाई?"

ती जवळ बसली होती म्हणून मिळाली. घंटा लागून वर्ष होत आलं होतं, आणि रोज कोणी ना कोणी घरी जातच होतं.

"सिस्टर, आज आणखी कोण घरी गेलं?"

"पलीकडच्या खोलीतल्या मावशी. दुपारीच, तीनच्या आधी."

"त्यांच्या शेजारी कोण आहे? तीनचं औषध होतं त्यांना?"

हातातला ट्रे तिथेच ठेवून नर्स धावत सुटली, आणि ही तिच्या मागे.