दोनच्या खालचं तीन

अगं ऐक फक्त, मधे बोलू नकोस. आमची हर्षदाताई माहितीये ना, चुलतबहीण, गावची सरपंच? तर ती दुपारी जेवून जरा पडलीये. दोन पोरं शाळेत, आणि तिसरं पोटात. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही, कारण तिसरं जन्मलं की सरपंचपद जातं, कायदाच आहे तसा. आणि तिची ती पाण्याची टाकी, तिचं काम तर आत्ता कुठे सुरू झालंय. उद्या दवाखान्यात जाऊन सांगायचं, ठेवायचं की नाही. भाऊजी एवढंच म्हणालेत, "तू म्हणशील ते."

डोळा लागतोय न लागतोय, तोच पलंगाशेजारी कुणीतरी भिंतीला चुना लावतंय. बघते तर तात्या! आमचे आजोबा गं, जाऊन किती वर्षं झाली. सरकारचे कुटुंबनियोजनाचे भिंतीवरचे बोर्ड रंगवायचे. लाल त्रिकोण, हसरं कुटुंब, सगळ्या तालुक्यात त्यांचंच अक्षर.

"हर्षे, सरक. डबा लवंडेल."

"तात्या, घरात काय रंगवताय?"

"घर कुठलं? पंचायत आहे ही."

खरंच पंचायत. पलंग ऑफिससमोर उन्हात, आणि तिला त्याचं काहीच वाटत नाहीये. भिंतीवर 'दोन मुलं पुरेत'.

"गावाला हे सांगितलंत, आणि घरात सात पोरं?"

"भिंतीला नाक लावून रंगवणाऱ्याला अक्षर दिसतं बाई, वाक्य दिसत नाही." तात्या गालात हसतात. "तुझा बाप सहावा. मला वाक्य दिसलं असतं तर तू कुठली सरपंच?"

तीही हसते. हसता हसता दोघं एसटी स्टँडवर आहेत, भिंत मात्र तीच.

"नखानं खरवड," तात्या म्हणतात.

ती 'दोन' खरवडते. पोपडा निघतो. खाली जुनं अक्षर, 'तीन'.

"आधी दोन किंवा तीन म्हणायचे. मग ऑर्डर आली, तीन पुसा. पुसलं."

"मग खरं कुठलं?"

"भिंतीला काय विचारतेस?" तात्या ब्रश पुढे करतात. "दोन परत उजळायचंय?"

ब्रशातून लाल थेंब गळतोय. ती हात पुढे करते. मग तोच हात पोटावर ठेवते.

"राहू द्या तात्या. टाकीचं पाणी मी नाही सोडलं, तर दुसरं कुणी सोडेल."

"मग चहा टाक," म्हणत तात्या डबा उचलून चालायला लागतात.

जाग येते तेव्हा उन्हं उतरलीत. घर शांत. आणि उजव्या हाताच्या नखात चुन्याचा पोपडा अडकलाय, एका बाजूनं पांढरा, एका बाजूनं लाल. तिच्या घराला तर सगळा ऑइलपेंट गं!

हात न धुताच ती चहा टाकते. भाऊजी येतात, तर म्हणते, "उद्या बाळंतपणासाठी नाव घालून येऊ. खुर्ची बाळ आल्यावर जाईल ना? तोवर टाकी होईल तेवढी करते."

आता तू सांग, तात्यांनी ब्रश तुझ्यापुढे धरला असता, तर तू काय केलं असतंस?